बाल्कनीतून दिसलेल्या गाठी

क्योतोत आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी जपानी बाई हिवाळ्यात दर रविवारी माउंटन बाइकवरून डोंगरात हरणांच्या शिकारीला जाते. माझ्याच वयाची आहे. बोलते कमी, आणि नट आवळून झाला की त्याला टिचकी मारून बघते. पुढचं-मागचं कॅरियर तिनेच बसवलंय. बंदुकीच्या कव्हरला ओरखडे पडू नयेत म्हणून दांडीला रबर गुंडाळलंय.

सामान बांधायला मात्र माझा नवरा खाली धावतो. माझ्या सायकलचं बास्केट दिवाळीपासून लोंबतंय, ते त्याला दिसत नाही. मी बाल्कनीत कपडे वाळत घालते आणि दोघांवर लक्ष ठेवते.

गेल्या रविवारी त्याने दोऱ्या करकचून बांधल्या. ती वाकून "अरिगातो" म्हणाली. तो जिना चढू लागला, तसं तिने सगळ्या गाठी सोडल्या आणि आपल्या पद्धतीने पुन्हा बांधल्या. मान वर केली तर मी दिसले. तिने हसून ओठांवर बोट ठेवलं.

घरात येत हा म्हणाला, "माझ्यावाचून अडतं तिचं."

"अडणारच. आता माझं बास्केटही बांध."

"तुझं नको. मी बांधलं की तू लगेच सोडून बघतेस. ती बघ, हातसुद्धा लावत नाही."