वसंताचा हात

दवाखान्यात वसंताच्या पलंगापासच्या स्टुलावरून मी उठलो तसा त्यानं आयाले हाक मारली. "हा स्टूल फिनाइलनं पुसून घे." मी अजून दारातच होतो. हा वसंताचा थोरला भाऊ, सेक्टर 10 मधी साहेबाइच्या बंगल्यात राहनारा ऑफिसर. आयानं माह्याकडं पाहिलं, मंग खाली पाहिलं, अन् पुसला. मले म्हने, "इन्फेक्शन होतं. तू आता बाहेरच बसत जा. आत घरचे लोक आहेत." माह्या आधी त्याच स्टुलावर त्याचा सासरा बसला होता, पायातली चप्पल न काढता. तवा इन्फेक्शन कुठं गेल्तं?

कावून बोललो नाही मी? आमच्या बापानं नागपूरले जाऊन दीक्षा घेतल्ती. घरात कोनापुढं वाकाची रीत नाही. पन त्या दारात माही वाचाच बसली. मुकाट्यानं बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

वसंता माहा दोस्त. चौदा वर्षं एका शिफ्टमधी. तो वर क्रेन चालवे, मी खाली खलाशी. मालाले साखळी बांधाची अन् त्याले इशारा कराचा, हे माहं काम. लोखंडाच्या मिलमधी आवाज असा का कानापाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हनून सारं हातानं. बोट खाली करून मनगट गोल फिरवलं का आरिया, म्हंजे हळूहळू खाली सोड. तळहात आडवा मारला का बंद. माह्या डोक्यावर एवढालं लोखंड लटकून राहे, पन मले कधी भेव नाही वाटलं. वर वसंता होता ना! सुटीत तो माह्या डब्यातली भाकर खाये, मी त्याच्या डब्यातली पोळी. भावाले हे माहीत होतं. त्याले ते कधी पटलं नाही.

मंग वसंताले घशाचा कॅन्सर निघाला. आवाजाची पेटी काढाच्या आदल्या दिवशी त्यानं मले सायकल स्टँडपाशी थांबवलं.

"हे पाय, उद्यापासून मी मुका. पुढं हे वाढलं तं मले नळ्या लावून ठेवू नका. घरी नेजो. अंगनात खाट टाकजो. भाऊ ऐकनार नाही, तू सांगजो."

"अबे, आत्ताच मरून राहिला का तू?" मी हसलो.

"हो म्हन ना बे."

म्हनलं, हो.

वर्षभरानं ते फुप्फुसात उतरलं. डॉक्टरनं भावाले सांगितलं, आता काही होन्यासारखं नाही. भाऊ म्हने, "मुंबईला नेतो. आणखी एक ऑपरेशन करू." सख्ख्या भावानं काही केलं नाही, असं चार लोक म्हनतीन, याचीच त्याले धास्ती. वसंताले कोनी विचारलं नाही. एकदा पाटी देली, पन बोटात खडू ठरेना. झालं, संपलं विचारनं.

मी दाराच्या काचेतून पाहे. वसंता हात उचले. बोट खाली, मनगट गोल. आरिया. मंग तळहात आडवा. बंद. परत. परत. दिवसभर तेच. नर्सले वाटलं झटके येऊन राहिले. भाऊ म्हने, हा नाकातली नळी उपसून टाकीन. त्यानं तो हात पट्टीनं पलंगाले बांधाले लावला.

अन् मी? तीन दिवस बाकावर. मिलमधी इशारा माहा राहे, माननारा तो. चौदा वर्षांत त्यानं माहा एक इशारा वाया जाऊ देला नाही. आता इशारा त्याचा होता, मले खाली उतरवा, हे बंद करा. वाचनारा मी एकटा. अन् मी बसून राहिलो, कावून का मले बाहेर बस म्हनलं होतं. थू माह्या जिंदगीवर.

चौथ्या दिवशी सकाळी स्ट्रेचर आलं. दुर्गवरून मुंबईची रेल्वेगाडी होती. वसंतानं मान वळवून मले काचेतून पाहिलं. रागानं पाहिलं असतं तं बरं झालं असतं. मी दार ढकललं अन् पट्टी सोडाले लागलो.

भाऊ ओरडला, "हात नको लावू त्याला! बाहेर हो!"

"नाही होत."

मी स्ट्रेचरपाशी उभ्या डॉक्टरकडं वळलो. "डॉक्टरसाहेब, हे झटके नोहेत. हा बोलून राहिला. आमची क्रेनवरची बोली हाये. तुमी विचारा, मी सांगतो."

डॉक्टर थांबला. "वसंतराव, मुंबईला जायचं?"

तळहात आडवा.

"इथंच ठेवू?"

तळहात आडवा.

"घरी?"

बोट खाली गेलं. मनगट गोल फिरलं. वसंताची बायको तोंडात पदर कोंबून रडाले लागली. मले काही सांगाच लागलं नाही. साऱ्याइले समजलं.

भाऊ म्हने, "आमच्या माणसाचं काय करायचं ते आता एक खलाशी सांगणार?"

डॉक्टर म्हने, घरी न्याले घरच्याची सही लागते. त्यानं वहिनीपुढं पेन धरला. मी हात जोडले. "वहिनी, करा सही." तिचा हात पुढं आला. तिनं थोरल्या भासऱ्याकडं, वसंताच्या भावाकडं पाहिलं. हात मांगं गेला. उद्या दोन पोरी घेऊन तिले त्याच्याच दारात उभं राहाचं होतं. तिले काय बोल लावू? मीच तीन दिवस गप होतो.

सही भावानं केली, मुंबईची. पट्टी परत बांधली. गोंदियाच्या पुढं वसंता गाडीतच गेला.

तेरवीले निरोप आला, जेवाले ये म्हने, तुमच्यासाठी पंगत मांडवाबाहेर हाये. मी गेलो. मांडवात गेलो. साऱ्या ऑफिसर लोकाइसमोर म्हनलं, "वसंताले जाचं नव्हतं. तुमी त्याले बांधून नेलं. मी पाहिलं हाये." कोनी घास उचलला नाही. मी जेवलो नाही. मले हलकंही वाटलं नाही. वसंता गेला तो गेलाच, अन् ते तीन दिवस माह्या छातीत तसेच हायेत.

आता मिलमधल्या आमच्या खात्यातलं कोनी दवाखान्यात पडलं का मी सरळ पलंगापाशी जातो. आधी त्याले विचारतो, बापा, तुले काय पाहिजे. मंग घरच्याइच्या तोंडावर सांगतो. शिव्या खाल्ल्या हायेत. अहिवारा गावाच्या एकानं माही कॉलर धरली. धरू दे. त्याच्या बापाले काय पाहिजे होतं ते मी कॉलर सोडवाच्या आधी सांगितलं. पुढंही सांगीन.