फाटकावरचं कोयनेल

त्या काळी कोयनेल पोस्टात मिळायचं. हसू नका, खरं सांगते. कार्ड-पाकिटं विकणारा बाबूच हिवतापाच्या औषधाच्या पुड्या विकायचा. डॉक्टर नको, चिठ्ठी नको, मागा आणि घ्या. आमच्या घरात त्या पुड्या मिठाच्या बरणीशेजारी असायच्या आणि मिठाइतक्याच लागायच्या.

माझे यजमान रेल्वेत फाटकवाले होते. लोणावळा सोडून पुण्याकडे निघालं की मळवलीच्या पुढे एक फाटक होतं, तिथल्या एका खोलीच्या चौकीत आमचा संसार. दिवसाचं फाटक ह्यांच्याकडे, रात्रपाळीला दुसरा माणूस यायचा. पलीकडे इंद्रायणी, अलीकडे भातखाचरं, आणि पाऊस सरला की घरोघरी थंडीताप. मी तळेगावची, चौथी पास आणि जिभेला तिखट. सासरी चेष्टेनं म्हणायचे, "बरं झालं हिला फाटकावर दिली, गाडीच्या आधी हीच शिट्टी घालती."

लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे तापानं फणफणले. तेव्हा मुकादम दारात उभा राहून म्हणाला, "पुन्यांदा पडलास तर बदली माणूस घेईन, आन चौकी त्याला द्यावी लागंल." गावाकडची जमीन थोरल्या दिरांकडे. तिथे आम्हाला ओसरीवरसुद्धा कुणी टेकू दिलं नसतं. एवढं एकच भय ह्यांच्या मनात बसलं आणि ताप यायच्या आधीच हे कोयनेल घ्यायला लागले. किती घ्यायचं ते पाकिटावर छापलेलं असायचं. मी वाचून दाखवलं. हे म्हणाले, "ते बसून खानाऱ्यांसाठी. राबत्या हाडाला दुप्पट लागतं." मला ते पटलं, हे कबूल करते. मीच गुळात गोळ्या वळायची, मीच सकाळी हातावर ठेवायची. आणि पाणवठ्यावर बायकांना ठसक्यात सांगायची, "आमचे हे एक दिवस पडले नाहीत हो!"

फाटक लागलं की दोन्ही बाजूंना बैलगाड्या थांबायच्या, आणि थांबलेल्या माणसाला कण्हायला वेळ असतो. "भाऊ, अंग लय दुखतंया," म्हटलं की हे चौकीतून पुडी आणून देणार. डोकं दुखलं, कोयनेल. पोट बिघडलं, कोयनेल. सांधे धरले, तरी तेच. पोटुशी बाई आली तर मात्र मी तिला दारातूनच हाकलायची, कारण त्यानं पोट पडतं असं माझ्या आईनं सांगितलं होतं. बाकीच्यांना मी अडवलं नाही. ह्यांना गावात मान मिळत होता आणि मला तो गोड लागत होता. नदीपलीकडच्या गावचे एक आबा तर दर बाजाराला गाडी जुंपून यायचे नि पुडी घेतल्याशिवाय हलायचे नाहीत.

दुसऱ्या वर्षी हे हसत म्हणाले, "कानात रातकिडं वरडत्यात गं." तिसऱ्या वर्षी ते हसणं बंद झालं. त्यातच वाफेची इंजिनं जाऊन बिजलीची आली. पूर्वी धूर लांबून दिसायचा, धापा ऐकू यायच्या. ही नवी इंजिनं मेली गुपचूप यायची. आमच्याकडची लाइन डोंगरातून वळून येते, त्यामुळे भोंगा ऐकायचा नि फाटक लावायचं, एवढाच आधार उरला. पॅसेंजरच्या वेळा तरी ठरलेल्या, मालगाडीला कसली आलीय वेळ?

एके दिवशी भोंगा वाजला. मी चुलीपाशी होते. बाहेर पाहते तर फाटक उघडं आणि हे लाइनीकडे पाठ करून तंबाखू मळताहेत. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग धावत जाऊन दोन्ही फाटकं मीच ओढली. गाडी धडधडत गेली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत भय होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. बरेच दिवस हे पायातली वहाण काढून रुळावर पाय ठेवून उभे राहायचे, ते कशासाठी हे मला तेव्हा समजलं.

"कुनाला बोलू नगंस," एवढंच म्हणाले.

बोलून जाणार कुठे? त्या दिवसापासून त्यांचे कान मी झाले. भोंगा ऐकला की मी दारात यायचं आणि डोक्यावर हात ठेवायचा, की हे फाटक लावायचे. दोन वर्षं मी माहेरी गेले नाही. सख्ख्या भावाचं लग्न झालं, तरी गेले नाही. नदीवर धुणं न्यायची सोय नाही, दळताना जातं मध्येच थांबवून ऐकायचं, कुणी बाई गप्पा मारायला आली की तिचा राग यायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. गावाला काहीच कळलं नव्हतं असंही नाही. पण पुडी देणाऱ्या माणसाची चुगली कोण करणार?

मग भाताच्या कापणीच्या सुमाराला मला ताप भरला. मी आडवी झाले तर फाटकाला कान कोण? दुसऱ्या कुणाला सांगायची चोरी. मी तेच केलं जे ह्यांनी केलं होतं. गुळात गोळी वळली आणि गिळली. सकाळी एक, दुपारी एक, कणकण वाटली की आणखी एक. ताप उतरला. चार-पाच दिवसांत माझ्या कानात आवाज सुरू झाला. बारीक, लांबून येणारा, चढत जाणारा. कर्म माझं! तो हुबेहूब भोंग्यासारखा होता.

बाजाराचा दिवस होता. गाड्यांची नुसती रीघ लागलेली. सकाळी मला भोंगा ऐकू आला, मी डोक्यावर हात ठेवला, ह्यांनी फाटक लावलं. गाडी आलीच नाही. लोक खोळंबले, ओरडले. फाटक उघडलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. गाडीवाले आता शिव्या द्यायला लागले. "वैनी, सपान पडलं का काय?" असं एकजण म्हणाला आणि सगळे हसले. मुकादमाच्या कानावर गेलं तर काय? तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा मी दाराची चौकट घट्ट धरून उभी राहिले. हात वर उचलला नाही. मनाशी म्हणत राहिले, कानच आहेत, कानच आहेत.

कान नव्हते. वळणावरून मालगाडीचं इंजिन बाहेर आलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आबांची गाडी तेव्हा रुळांच्या मधोमध होती. मी किंचाळले. ह्यांनी वळून पाहिलं नाही. आबांनीही नाही, ते आपले शांत बैलांशी बोलत बसलेले. इंजिन भोंगा वाजवत होतं, पलीकडचे लोक ओरडत होते, आणि आबांच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. ह्यांचे कान गेले ते कोयनेलनंच, आणि दोन हिवाळे आमच्या हातचं तेच खाऊन आबांचेही गेले होते, हे मला तिथे उभ्या उभ्या उमगलं. आम्हा तिघांत धड कान कुणालाच उरले नव्हते.

ह्यांच्या तळव्याला रूळ थरथरलेला लागला असावा. एकदम वळले, धावले, बैलांच्या वेसणी धरून अक्षरशः ओढले. इंजिन गाडीच्या मागच्या फळ्या उडवून गेलं. आबा खाली पडले, गुडघे फुटले, पण जगले. मी दारातच बसले.

दुसऱ्या दिवशी लाइनीचा साहेब चौकशीला आला. फाटक उघडं का होतं? गाव सगळा गोळा झालेला. कुणी म्हणालं, बैल बुजले, फाटक लावता लावता आत घुसले. कुणी म्हणालं, भाऊ नसते तर आबा मेलेच असते. आबांनी तर बैलाची शपथ घेतली, "साहेब, चूक माझी हाय, त्यांची न्हाई." चक्क खोटं, पण किती प्रेमानं! साहेबानं लिहून घेतलं आणि ह्यांच्या पाठीवर थाप मारली. मला हायसं वाटलं. नोकरी वाचली, चौकी वाचली. मी देवाला हात जोडले.

तेवढ्यात आबा कण्हत म्हणाले, "भाऊ, कालपास्नं कणकण हाय. एक पुडी द्या की." आणि तळहात पुढे केला. तो हात ह्यांच्या ओळखीचा होता. हे लगबगीनं आत गेले आणि पुडी घेऊन आले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुडी हिसकावून घेतली.

"साहेब," मी म्हटलं, "ह्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आबांनाही येत नाही. काल भोंगा वाजला तो मला खरा वाटला नाही, कारण आता मीही हेच खाते. फाटक ह्यांच्या हाती ठेवू नका. कुणीतरी मरेल."

सगळा गाव माझ्याकडे वळला. हे मात्र साहेबाच्या शाबासकीनं अजून हसत होते. मी त्यांचंच काही कौतुक सांगतेय असं त्यांना वाटलं. मान डोलवून म्हणाले, "व्हय साहेब, खरं हाय तिचं."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "त्यांना सांगा, बाई."

मी ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि तेच सगळं पुन्हा, गावासमोर, ओरडून सांगितलं. पहिल्या खेपेला त्यांना कळलं नाही. मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं.