भागवतची टाकी

भागवत जानेफळला वेल्डिंग करतो. आगीला भीत नाही, पाण्याला भितो. लहानपणी विहिरीत पडला होता. अजून डोळे उघडे ठेवूनच अंघोळ करतो.

घर बाप्टिस्ट ख्रिस्ती. मी समजत होतो, तोही झालाच. मी मराठीत एम.ए. आहे; असे समज माझ्याकडे पुष्कळ आहेत.

"आईच्या पोटातून कोनी बाप्टिस्ट येत नाई बे," तो म्हणाला. "सोता कबूल करा लागते. मंग पान्यात पुरं बुडा लागते."

कबूल त्याने केव्हाच केलं होतं. बुडणं राहिलं होतं. म्हणून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकरीची थाळी दर वेळी त्याला वळसा घालून जायची. पस्तिशीचा माणूस, पोरांच्या बाकावर बसायचा; सोबतीला मी, त्याचा बाहेरचा दोस्त.

यंदा मंडळीने बाप्तिस्म्यासाठी लोखंडी टाकी करायला त्यालाच सांगितलं. त्याने ती भीतीच्या मापाने केली. गुडघ्याएवढी.

रविवारी पाळकांनी त्याला पाण्यात आडवा केला. डोकं गेलं, छाती गेली. पोट वरच राहिलं.

"झालं," पाळक म्हणाले.

"पोट कोरडं हाय."

मी पुढे झालो. "अरे, हे प्रतीक आहे."

"मरून पुरल्याचंच ना? पोट बाहेर ठेवून कोनाले पुरलेलं पाह्यलं तू?"

मी मागे झालो.

त्यांच्यात सगळं हात वर करून ठरतं. 'झालं' म्हणून सगळे हात वर गेले. विरोधात एकच हात, तोही ओला.

त्याची आई गोजरबाई ओरडली, "हात खाली कर! तुले मत नाई. तू अजून मेंबर कुठी हायेस?"

"मंग झालं काऊन म्हन्ता?"

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. भागवतचा चेहरा उतरला. वाद जिंकला, म्हणजे पुन्हा पाण्यात जाणं आलं.

आठवडाभर तो टाकीला वरून पत्रा जोडत होता. "सोताची कबर सोताच वाढवून राह्यलो," म्हणून हसायचा. मी पत्रा धरला. एम.ए.चा तेवढा उपयोग झाला.

पुढच्या रविवारी पाणी छातीला लागलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"डोये मिटू?" त्याने मला विचारलं.

"मिट."

तो गेला. पोटासकट. पाणी काठावरून पाळकांच्या चपलांवर सांडलं. गोजरबाई उभी राहिली. तो खोकत वर आला आणि आधी त्याने पोट चाचपलं.

"पुरं?"

"पुरं," गोजरबाई म्हणाली, आणि खाली बसली.

त्या दिवशी थाळी त्याच्यापाशी थांबली. पोरांच्या बाकावर मोठा असा मीच उरलो. मला वळसा घालून ती पुढे गेली.