देउळकर सरांचा डोळा आणि सूर्यावरचे डाग

देउळकर सरांना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत, त्यांच्याविषयी चार गोड शब्द लिहा, असे संपादकांनी मला सांगितले आहे. प्रयत्न करते. पण सरांवर मी कित्येक वर्षे वैतागलेली आहे आणि ते लपेल असे वाटत नाही.

पहिली भेटच वादाची. कापसाची ती वाईट वर्षे होती. राळेगावकडच्या आमच्या शेतात एकेक बी हाताने मातीत दाबून टोबलेली सरकी एकदा वाया गेली होती आणि पाऊस दडी मारून बसला होता. पांढरकवड्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक रोज सूर्यावरचे डाग मोजतात, हे माझ्या सासऱ्यांच्या कानावर आले. मी शाळेत विज्ञान शिकवणारी सून, म्हणून मला घेऊन ते एसटीने निघाले. सर अंगणात दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून पेन्सिलीने ठिपके काढत होते.

"सर, पानी कवा येईन?" सासऱ्यांनी विचारले.

"मले नाही माहीत."

"मंग हे डाग कायले मोजून राह्यले?"

"किती हायेत ते मालूम व्हावं म्हणून."

धीराचा एक शब्द बोलायला काय जात होते? मी तसे तोंडावर विचारले. सर म्हणाले, "मॅडम, मी अंदाजानं आठ दिवस म्हणलं अन् यायनं उद्या सरकी टोबली, तं?" सासरे चहा न घेताच उठले.

पाऊस आला तेव्हा सर आपल्या आकाशनिरीक्षण मंडळातल्या तिघांना घेऊन आमच्या गावी उतरले आणि दिवसभर चिखलात वाकून त्यांनी सरकी टोबली. ओळी वाकड्या आल्या. सासरे दिवाळीपर्यंत त्या ओळी पाहुण्यांना दाखवत होते. मी मात्र त्याच वर्षी सरांच्या मंडळात दाखल झाले.

आमच्या नोंदी दर महिन्याला सूर्यमालेच्या अभ्यासकांच्या एका देशव्यापी संघाकडे जातात. ढग असतील त्या दिवशी रकाना कोरा ठेवायचा, हा सरांचा नियम. एकदा आदल्या आणि दुसऱ्या दिवशी सहाच डाग होते, म्हणून मधल्या ढगाळ दिवशीही मी सहा लिहिले. सरांनी तेवढ्यासाठी संघाला माफीपत्र पाठवले, माझ्या नावानिशी. मी महिनाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांना मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. सर म्हणाले, "डोळा बदलला म्हणजे मोजणारा बदलला. हे चक्र पुरं होऊ द्या." डाग वाढायला आणि ओसरायला साधारण अकरा वर्षे लागतात, हे ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आम्ही सगळ्यांनी विनवले, सरांच्या पत्नी, आमच्या काकू, रडल्या, सर ढिम्म. मागच्या महिन्यात ते अंगणातल्या पायरीवरून पडले, तरी दुसऱ्या दिवशी दुर्बिणीपाशी हजर. राग येतो, खरेच राग येतो.

शेवटी मीच त्यांचा नियम त्यांच्यावर उलटवला. वर्षभर रोज सकाळी सरांच्याच वेळेला शाळेच्या गच्चीवर मी डाग मोजत होते, त्यांना न सांगता. गेल्या रविवारी ती वही त्यांच्यापुढे ठेवली. सरांनी ती नाकाशी धरून वाचली.

"कोऱ्या जागा खऱ्या हायेत?"

"हो सर."

मग त्यांनी आपली वही शेजारी ठेवली. दिवाळीपर्यंत आमचे आकडे जवळपास सारखे होते. पुढे दर महिन्याला सरांचे डाग कमी होत गेले होते. सूर्यावर ते होतेच, सरांना दिसले नव्हते. त्यांनी दोन्ही वह्यांतले आकडे बोटाने पुन्हा एकदा पडताळले. मला वाईट वाटले, वही आणलीच नसती तर बरे झाले असते, असेही वाटले. मग त्यांनी कागद ओढला आणि संघाला लिहिले, 'दिवाळीनंतरच्या माझ्या नोंदी धरू नयेत. माझी नजर चुकत होती.' पत्र माझ्या हाती देत ते म्हणाले, "डॉक्टरले फोन लावा."

ऑपरेशन सोमवारी आहे. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, ही आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना. ते आयुष्य किती वर्षांचे असेल, याचा अंदाज मी लिहीत नाही, त्यांना खपणार नाही. रोजच्या नोंदीत मी माझा आकडा लिहिते आणि शेजारचा सरांचा रकाना कोरा ठेवते.