आधी पाय, मग चहा

तबेल्यात सगळे तिला पट्टीमावशी म्हणत. घोड्याच्या दुखऱ्या पायाला पट्टी बांधावी तर तिनंच. कुठं सैल नाही, कुठं आवळ नाही, कडेनं बोट जेमतेम सरकेल इतकीच. दुसऱ्या कुणी बांधलेली दिसली की सोडून फेकायची. "ही पट्टी आहे की बोचकं? करकचून बांधाल तर धड पायही अधू कराल!" तोंड भारी फटकळ. पण बावीस वर्षांत तिच्या हातून एकही पाय बिघडला नव्हता, त्यामुळे सगळे गुमान ऐकून घेत.

तिचा एक नेम होता. आधी पाय, मग चहा. गरम पेला धरलेल्या हाताला पायाची ऊब कळत नाही, आणि ऊब म्हणजे आत सूज, असं ती म्हणायची.

राणीसरकार नावाची तांबडी घोडी तिच्याकडे आली तेव्हा तीन पायांवर उभी होती. हे नाव नंतर मावशीनंच ठेवलेलं, कारण बादलीतलं पाणी ताजं नसेल तर बाईसाहेब तोंड लावत नसत. उडी मारताना पुढच्या डाव्या पायाचा दोर दुखावला होता. गुडघ्याखाली मागच्या बाजूनं जाणाऱ्या त्या कंडरेला जनावरांच्या डॉक्टरबाई टेंडन म्हणत, मावशी दोर म्हणे. डॉक्टरबाईंनी तबेल्याच्या मालकांना बजावलं, "वर्ष लागेल. महिन्यात सूज उतरेल, लंगडणं थांबेल, तुम्हाला वाटेल झाली बरी. तिथंच घात होतो. पुन्हा दुखावली तर घोडी हातची गेली समजा."

मावशीनं कंबर कसली. थंड पाण्याची धार, पट्टी आणि हातात दोरी धरून चालवणं. घड्याळ लावून दहा मिनिटं, दर पंधरवड्याला पाच वाढवायची. घोडी उधळायला बघायची. "पुरे झाली नाटकं," मावशी दटावायची, "मलाही पळायचंय, पण मी पळते का?" रोज सकाळी मालक विचारत, "काय म्हणतोय पाय?" मावशी पुढच्या दोन्ही पायांवरून बोटं फिरवून सांगे, "थंड." त्या एका शब्दावर मिनिटं वाढत. चौथा महिना सरता सरता घोडी पाऊण तासावर आली. सोमवारपासून दुडकी चाल सुरू करायची ठरली.

शनिवारी घरी भाजी निवडताना लेक ओरडली, "आई, बोटाला केवढा फोड आलाय!"

मावशीनं बघितलं. दोन बोटं चांगलीच पोळली होती. सकाळचा स्टीलचा पेला असणार. पण तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. साखरेचा आजार सहा वर्षांचा, हात अधूनमधून बधिर व्हायचे, तिनं कधी मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र तिनं भाजी बाजूला सारली. फोडाचं काय एवढं? हा हात किती दिवस 'थंड' म्हणत होता?

"कुणाला बोलू नकोस," लेक म्हणाली. "काम जाईल."

"आणि तिचा पाय गेला म्हणजे?"

रविवारी मावशी गवतात गुडघे टेकून बसली आणि घोडीच्या चांगल्या पायाला तिनं गाल लावला. मग दुखऱ्या पायाला. कोमट. पुन्हा लावला. कोमटच. तिला रडू फुटलं. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती. मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि तडक मालकांपुढं जाऊन उभी राहिली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"मालक, पाय कोमट आहे. उद्याची दुडकी रद्द करा. माझ्या बोटांना गरम-थंड कळत नाही. कधीपासून, देव जाणे."

मालक ताडकन उठले. "अहो मावशी, तुमच्या शब्दावर सगळं चाललं होतं!"

"म्हणूनच सांगतेय."

डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीचं मशीन लावलं. दोराच्या कडेला नवी सूज होती, पण दोर तुटला नव्हता. "उद्या पळवली असती तर मला बोलवायचीही गरज नव्हती," त्या म्हणाल्या. "पुन्हा दहा मिनिटांपासून."

"आता दुसरं कुणीतरी बघेल," मालक म्हणाले.

"मीच बघणार," मावशी म्हणाली. "बोटं गेली, गाल शाबूत आहे. पण नुसत्या माझ्या शब्दावर जाऊ नका. रोज माझ्यामागून तुम्ही हात लावायचा. आणि चहाच्या आधी!"

मालक पुटपुटले, पण दुसऱ्या दिवसापासून येऊ लागले. रोज आधी मावशीचा गाल, मग मालकांचा हात. एकदा घोडीनं टाप झाडली, ती मावशीच्या कानाजवळून गेली. दुसऱ्या दिवशी मावशी परत गुडघे टेकून बसली.

दुखापतीला वर्ष उलटून दोन महिने गेले आणि फरसबंद अंगणात राणीसरकार दुडक्या चालीनं धावली. टापा एकसारख्या वाजल्या. सगळे हसले, मावशी हसली नाही. खरा निकाल दुसऱ्या दिवशीच कळतो.

सकाळी तिनं गाल लावला आणि बाजूला झाली. मालकांनी हात लावला, बराच वेळ ठेवला.

"थंड," ते म्हणाले.

"थंड," मावशी म्हणाली आणि तिथंच बसून पोटभर रडली.

मालकांनी स्वतः चहा आणला. तिनं हात पुढं केला नाही. "बशीत ओता," सगळ्यांदेखत ती म्हणाली. "मला गरम कळत नाही."

मालकांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि आधी स्वतःचं बोट लावून पाहिलं.