काकूंच्या रागाचं माप

आमच्या शेजारच्या काकांइतका मोजमापाचा वेडा माणूस अख्ख्या इंदूरमध्ये झाला नसेल. बड्या गणपतीजवळ आमची नि त्यांची भिंत एकच. कापड मिलच्या टेस्टिंग खात्यात सूत किती ताणाला तुटतं हे बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली. पुढे मिलला टाळं लागलं, पण काकांचा हात थांबेना. पोहे किती मिनिटांत भिजतात, त्यांवर जिरावण मसाला किती चिमूट पडला, पाहुणा ‘निघतो’ म्हटल्यापासून खरोखर निघेपर्यंत किती वेळ घेतो, सगळं वहीत. त्यात सगळ्यांत वरचा आकडा माझा होता, एक तास दहा मिनिटं, आणि तो त्यांनी मला कौतुकाने दाखवलाही होता.

काकू म्हणजे नुसता तोफखाना. सकाळी त्या काकांना फैलावर घ्यायला लागल्या की आमच्याकडे मुलांना उठवायची वेळ झाली असं समजायचं. त्या काकूंच्या गालाची नस दुखायला लागली. जबडा हलला की कळ मस्तकात जायची. बोलणंच बंद. डॉक्टरच्या गोळ्या सोसेनात, तेव्हा जुन्या इंदूरच्या वैद्यजींनी दुधातून घ्यायला भांगेची पूड दिली. म्हणाले, “कळ थांबावी पण शुद्ध राहावी, इतकीच द्या. प्रत्येकाला वेगळी लागते, बघून बघून द्या.” काकांना ‘बघून’ हा शब्दच मान्य नव्हता. दुसऱ्या दिवशी ते काकूंच्या लघवीची बाटली घेऊन लॅबमध्ये हजर. “भिया, पोटात किती गेली ते मला माहीत आहे. अंगात किती चढली ते सांगा.” लॅबवाला म्हणाला, “काकाजी, शुगर बता देंगे, पीलिया बता देंगे. भांग का मीटर अभी इंदौर में नहीं आया.” काका चिडून घरी आले. विलायती कोल्ड्रिंक आलं, केबल आलं, आणि हे एक मीटर येत नाही म्हणजे काय, असं ते आठवडाभर म्हणत होते.

मग त्यांनी घरचं टेस्टिंग खातं उघडलं. पूड घेतल्यावर काकूंनी सुईत दोरा ओवायचा, काका घड्याळ धरणार. तुलनेला भांग न घेतलेला नमुना हवा म्हणून मला बोलावलं. मला काकूंपेक्षा जास्त वेळ लागला. काकांनी चष्म्यावरून बघत हळूच विचारलं, “मास्तरीणबाई, तुम्ही काही घेता का?” तो अपमान मी अजून विसरलेले नाही.

खरं माप त्यांना पुढे सापडलं. काकू गप्प असल्या तर पूड कमी पडली. नीट खेकसल्या तर मात्रा बरोबर. आणि नवऱ्याचं कौतुक करायला लागल्या तर जास्त झाली, उद्या चिमूटभर कमी. वहीत रोज तीनपैकी एक शब्द, ‘कमी’, ‘बरोबर’ किंवा ‘जास्त’. भिंतीपलीकडून “डोळे फुटले का तुमचे?” ऐकू आलं की मलाच हायसं वाटायचं.

एकदा सकाळी वाटी परत द्यायला गेले होते. काकू गालाला मफलर बांधून बसल्या होत्या. एकेक शब्द जपून उचलत काकांना म्हणाल्या, “मिलवाल्यांनी तुम्हाला घरी बसवलं ते बरं झालं. माझं एवढं कोणी केलं नसतं.” काकांनी लगेच वही काढून ‘जास्त’ लिहिलं. “उद्यापासून अर्धी देतो हं.”

काकूंनी गाल दाबून धरला. “आजची दिलीत कुठे? तुमच्याच खिशात आहे.”

काकांनी खिसा चाचपला. पुडी निघाली. ते दूध तापवायला आत गेले, आणि बऱ्याच वेळाने ते दूध उतू गेल्याचा वास आला.

आता दोघंही नाहीत. वही माझ्याकडे आहे. त्या दिवसासमोरचं ‘जास्त’ काकांनी खोडलंय. त्याच्यापुढे लिहायला दुसरा शब्द त्यांना सुचला नाही. इतकी वर्षं शाळेत भाषा शिकवून मलाही सुचलेला नाही.