मल्लव्वाची अंगठी

ईरप्पाअण्णा कुठलीही अंगठी हातात घेतली की आधी उलटी धरायचे. वरची नक्षी, खडा, चकाकी यांच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. तळहाताकडच्या बाजूवरून अंगठा फिरवायचे आणि तिथं चांदी झिजून पातळ झालेली लागली की त्यांचा चेहरा खुलायचा. "वरनं सगळ्याच छान दिसत्यात गं सबिना," ते म्हणायचे. "पन माणसानं घातल्याली कुठली आन् कपाटात बसल्याली कुठली, ते खालनंच कळतंय."

मी त्यांच्या समोरच्या घरात शिलाई मशीन चालवते. गंगावेशीजवळची आमची गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्या उंबऱ्यावर काय चाललंय ते मला मान वर न करताही दिसतं. आणि मान खाली घालून बसणाऱ्यातली मी नाहीच. तेव्हा ही हकिकत सांगायचा हक्क माझा आहे असं मी धरून चालते.

अण्णांचं आडनाव बागेवाडी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ते ओतकाम करायचे. सकाळी सायकलवरून धुतलेल्या कपड्यांत जायचे आणि संध्याकाळी काजळीनं असे माखून यायचे की गल्लीतली कुत्रीसुद्धा आधी भुंकून मग ओळखायची. दिवसभर लोखंडाचा रस साच्यात ओतायचा. डाव्या हाताची दोन बोटं एकदा साच्याखाली सापडून वाकडी झालेली. अंगठ्यांचा एवढा नाद, पण स्वतःच्या बोटात कधी घातली नाही. सुट्टीच्या दिवशी हा माणूस जुन्या बाजारात, नाहीतर सराफांच्या गुजरीत बाळासो पोतदारांच्या पेढीवर उकिडवा बसून मोड चिवडायचा. मोड म्हणजे लोकांनी मुशीत घालून आटवायला आणून दिलेली जुनी चांदी. त्यातली एखादी काळी पडलेली अंगठी उचलून आणायची आणि उंबऱ्यावर बसून तासभर न्याहाळायची.

"अण्णा, हे काय काळं बेंद्रं आणलंय?" मी मुद्दाम ओरडायची.

"आणलं न्हाय, सोडवलंय," ते म्हणायचे. "दिवसभर वितळलेलं बघून जीव इटलाय माझा. एखादी तरी वस्तू मुशीतनं वाचवावी की."

बाळासो हसायचे. सगळी दुनिया त्यांच्याकडे जुनं मोडून नवं न्यायला यायची, आणि हा एकटा पठ्ठ्या मोड न्यायला यायचा.

माझ्या बोटातली अंगठी अण्णांनीच निवडली. मी मागितली आणि त्यांनी मला अख्खा पावसाळा थांबवलं. एक आणली, तर तिच्या नक्षीच्या कडा धाग्यात अडकतील म्हणून स्वतःच परत नेली. दुसरी माझ्या हातात देऊन म्हणाले, "चोळ आन् वास घे." पितळेचा वास आला. तिसरी मला पसंत पडली होती, लख्ख होती, पण त्यांनी तोंड वाकडं केलं. "हिला कुणीतरी रिठ्यानं घासघासून धुतलीया. खाचंतलं काळं हाय तेच तिचं वय असतंय. ते गेलं म्हंजे ऱ्हायलं काय?" शेवटी एक साधी, गुळगुळीत, जाड कड्यासारखी अंगठी आली. आतल्या बाजूला बारीक सिंहाचा शिक्का. विलायती चांदी, शंभरात साडेब्याण्णव, बाकीचं तांबं, म्हणून कडक; आपली चोख चांदी मऊ पडते, लवकर वाकते, हे त्यांनी मला समजावलं. आजही ती माझ्या बोटात आहे. तिच्यात धागा अडकत नाही.

पण सगळ्यांत पहिली अंगठी त्यांनी आणली ती मल्लव्वासाठी, लग्न झाल्या झाल्या. मल्लव्वा म्हणजे त्यांची बायको, संकेश्वरकडची, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणारी, खळखळून हसणारी. अंगठी विलायतीच होती. सभोवार बारीक पानांची वेल कोरलेली आणि आत दोन इंग्रजी अक्षरं. कुणा साहेबानं आपल्या मडमेला दिलेली असणार. "मडमेची अंगठी घालून मी भाकरी थापतीया," असं मल्लव्वा गल्लीभर सांगायची. हाताची वस्तू हातातच ठेवायची, काढायची नाही, हा तिचा हट्ट. पाट्यावर चटणी वाटताना एकदा वरवंटा आपटून कडेला चेमटली, तरी काढली नाही. पीठ मळताना त्या वेलीच्या खाचांत ज्वारीचं पीठ जाऊन बसायचं. मग भाकरी झाल्या की ही माझ्या दारात.

"सबिना, सुई दे गं. माझी येल पीठ खाती."

माझ्या सुया बोथट करायची. मी वैतागायची आणि तरी द्यायची.

चौऱ्याण्णव साली तिला ताप आला. शेवटच्या भाकरी तिनं त्या तापातच थापल्या. त्या दिवशी ती सुई मागायला आली नाही. चार दिवसांत सगळं संपलं. बोट सुजलं होतं, अंगठी निघेना. साबण लावून ती मीच हळूहळू काढली आणि अण्णांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी सवयीनं ती उलटी केली, खालची झीज चाचपली, मग वेलीकडे डोळे बारीक करून बघितलं. खाचांत पीठ वाळून बसलं होतं.

"हे तिच्या हातचं पीठ हाय," ते म्हणाले. "हे न्हाय काढायचं."

एवढंच बोलले. मी तेव्हाही रडले आणि आत्ता सांगतानाही रडू येतंय, त्याला माझा इलाज नाही.

त्यांची लेक शांभवी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला सांभाळायला अण्णांची थोरली बहीण आली. विधवा, मूलबाळ नाही, निपाणीतलं आपलं घर बंद करून आली ती परत गेलीच नाही. गल्ली तिला आक्काच म्हणायची. आवाज पहाडी, हात सढळ, आणि स्वच्छतेचं वेड असं की तिनं घासलेल्या पातेल्यात तोंड बघून वेणी घालावी. तिनं पोरीला आईची उणीव भासू दिली नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी तिच्यावर फार चिडणार आहे.

अंगठ्या एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात असायच्या. प्रत्येक अंगठी माझ्याकडच्या चिंधीत गुंडाळलेली. मल्लव्वाची खणाच्या तुकड्यात. बाकीच्या अंगठ्या अण्णा कुणालाही दाखवायचे, समजावून सांगायचे. तिची मात्र दाखवत नसत. पिठाची गोष्ट त्यांनी आक्काला कधी सांगितली नाही. बहिणीपुढं बायकोचं दुःख काय काढायचं, अशी त्यांची पद्धत. फक्त शांभवीच्या लग्नात ती अंगठी तिच्या बोटात घालायची, हे त्यांनी ठरवलेलं होतं. तेवढ्या एका गोष्टीसाठी हा माणूस जगत होता. मी बघत होते ना.

भट्टीच्या झळांनी म्हणा, की नशिबानं म्हणा, अण्णांची नजर जात चालली. फौंड्रीनं घरी बसवलं. बाळासोही वारले होते. आता अण्णा उंबऱ्यावर बसून नुसत्या बोटांनी अंगठ्या ओळखायचे. मी परीक्षा घ्यायची, ते कधी चुकायचे नाहीत. दोन हजार सात साली शांभवीचं लग्न पेठ वडगावच्या वीरेशशी ठरलं. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया करून बघू, फार उशीर झालाय पण बघू. अण्णा दवाखान्यात गेले ते एकाच आशेनं, की लेकीच्या बोटात ती वेल डोळ्यांनी बघायला मिळावी. जाताना आक्काला सांगून गेले, "मल्लव्वाची अंगठी पोरीच्या बोटात घालायची हाय."

मी त्याच आठवड्यात कबनूरला, बहिणीच्या बाळंतपणाला गेलते.

परत आले तर आक्कानं मला रस्त्यातच गाठलं. आनंदानं फुलली होती. "ये, ये, बघ काय केलंय!" हात धरून घरात नेलं, तर समोर चांदीचं ताट. पाणी सांडल्यासारखं चमकत होतं. कडेला शांभवीचं नाव. आणि एक नवी, साधी, लखलखीत अंगठी.

"मेलेल्या बाईची अंगठी तशीच्या तशी नव्या नवरीच्या बोटात कशी घालायची?" आक्का सांगत होती. "इस्तवातनं काढून नव्यानं घडवावी लागती. आन् एका अंगठीसाठी कशाला मूस पेटवायची, म्हणून सगळा डबाच नेला. काळ्याठिक्कर पडल्यात्या गं सगळ्या! सोनार लई सचोटीचा. लबाडी नको म्हणून माझ्या डोळ्यांदेखत आटवल्या. एका मुशीत सगळ्या."

शांभवी मागं उभी होती. तिला वाटलं होतं, आप्पांनीच, म्हणजे तिच्या वडिलांनीच, सांगितलंय. पोरीचा चेहरा आनंदी होता.

अण्णांच्या डोळ्यांवरची पट्टी निघाली. डॉक्टरांचं खरं ठरलं, उशीर झाला होता. उजेड कळायचा, माणसाची सावली कळायची, बस. घरी आणल्यावर आक्कानं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना फक्त चमक दिसली. त्यांनी ताटाच्या कडेवरून बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. मग हळूच विचारलं, "डबा कुठं हाय?"

आक्कानं सगळं पहिल्यापासून, तितक्याच हौसेनं सांगितलं. अण्णा ऐकत होते.

"पोरीच्या अंगठीत तिची चांदी आली, का ताटात गेली?"

"ते कसं कळायचं रे? सगळी एकच झाली की." मग आठवून म्हणाली, "आन् केवढी घाण अडकल्याली तिच्या अंगठीत! मुशीत टाकायच्या आधी मी सुईनं सगळी कोरून काढली. चांदीत घाण जाऊ नये म्हणून. सबिनाचीच सुई घेतलती मशीनवरची."

माझा तोल गेला. "आक्का, तुम्हाला काय कळतंय का—" मी एवढं म्हणाले आणि अण्णांनी हात वर केला. मी कुठं आहे ते दिसत नसताना त्यांनी माझ्या दिशेनं नुसता हात वर केला.

"चांगलं केलंस आक्का," ते म्हणाले.

मला ते बाहेर उंबऱ्यावर घेऊन आले. "तिला काय सांगू नगंस. माझ्या पोरीसाठी जन्म घातलाय तिनं." मी माझी अंगठी काढून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, ही तरी ठेवा, तुम्हीच सोडवलेली आहे. त्यांनी उलटी धरली, खालून अंगठा फिरवला, आणि परत माझ्या बोटात सरकवली. "तुझी झीज धराय लागलीया. माझ्या काय कामाची?"

लग्न झालं. ताट पोरीबरोबर वडगावला गेलं. अण्णा पुन्हा कधी गुजरीच्या वाटेला गेले नाहीत. कुणी हौसेनं एखादी अंगठी दाखवायला आणली तर हात मागं घ्यायचे. "माझं ते सुटलं," म्हणायचे.

शांभवी पहिल्यांदा माहेरी आली त्या दिवशी तिनं आप्पांसाठी भाकरी केल्या. मी तिथंच बसून तिच्या ब्लाऊजला हुक लावत होते. थापण्याचा आवाज थेट आईसारखा. अण्णांनी आवाजाकडे मान वळवली आणि म्हणाले, "हात धुऊ नगंस पोरी, हिकडं ये." तिनं पिठानं माखलेला हात त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी अंगठी खालून चाचपली. मग वरून, सभोवार, नखानं खाच शोधत, पुन्हा एकदा सभोवार. पीठ त्यांच्या बोटांना लागून अलगद निघून आलं आणि खाली चांदी कोरी गुळगुळीत राहिली.

"हिच्यात कायबी ऱ्हात न्हाय," अण्णा म्हणाले.

"व्हय की," चुलीपासून आक्का अभिमानानं म्हणाली. "मुद्दाम साधी घडवून घेतली."